काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं

एकतीस वर्षं झाली, परभणीत, वसमत रोडला
प्रबंध बांधायलो मी.
काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं,
पाच प्रती, परवापर्यंत, उधारी बंद.
डिंक वाळेस्तोवर माणसानं करावं काय?
वाचतो. शेवटचं प्रकरण आधी.
मधली दोनशे पानं कुणासाठी असतात
हे अजून कुणी शोधलेलं नाही.

मुंजाजी ढगे यांनी तीन उन्हाळे
एक थर्मामीटर बाभळीखाली टांगलं,
एक बाभळीबाहेर.
निष्कर्ष : सावलीत ऊन कमी लागतं.
तक्ते सदतीस, आलेख रंगीत,
रंगीत पानाचे आठ रुपये मी जास्तीचे लावले.

शिवकांता मॅडम जिंतूर तालुक्यात
चारशे बारा म्हशींच्या मागं हिंडल्या.
दुपारी बारा ते चार म्हशी पाण्यात बसतात,
पाणी असल्यास.
पाणी नसल्यास बसत नाहीत.
हे ‘नसल्यास’ मला आवडलं.
एवढं कुणाच्या ध्यानात येतंय?

एकानं सिद्ध केलं, लाइट गेली की पंखा थांबतो,
पण लगेच नाही, हळूहळू.
एकानं लिहिलं, उपाशी लेकराचं
गणितात लक्ष लागत नाही.
ह्याला मात्र मी हसलो नाही.
घाईघाईनं शिफारशीचं पान काढलं :
‘अधिक संशोधनाची गरज आहे.’
भाकरीची आहे, असं कुठंच नव्हतं.
त्या दिवशी टोचा बोटात घुसला.

घरी पद्मिणला सांगितलं.
ती धपाटे थापायली होती, मान वर न करता म्हणली,
“म्हशीचं सांगितलं म्हणून डाक्टर झाली का ती?”
“व्हय.”
“मग माझ्या मायला किती येळा डाक्टर म्हणावं लागंल?”

गेल्या मार्गशीर्षात एक पोरगं आलं,
गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म,
विषय : बाइंडरांची पाठदुखी.
“काका, दिवसभर वाकून बसल्यावर पाठ कशी वाटते?
अ, दुखते. ब, खूप दुखते. क, सांगता येत नाही.”
म्हणलं, “बस इथं. ह्या दोन प्रती शिव.”
बसलं बिचारं.
अर्ध्या तासानं उठलं, कमरेला हात लावून,
आणि काही न बोलता
‘ब’वर खूण करून निघालं.
कुणाच्या फॉर्मवर केली, ते मी विचारलं नाही.

आता माझं ऐका.
परवा ग्रंथालयातून एक प्रबंध परत आला,
वाळवीनं पाठ खाल्लेली, नवीन कव्हर घाला म्हणून.
बघतो तर मुंजाजी ढगे.
चाळला. पान एकशे बारावर
माझंच लाइट बिल!
अकरा वर्षांपूर्वीचं, तीनशे चाळीस रुपयांचं,
ज्याच्यापायी मी घर उलटंपालटं केलं,
पद्मिणशी दोन दिवस अबोला धरला,
वर दंड भरला.
जसंच्या तसं. घडीसुद्धा मोडली नव्हती.
वाळवी एकशे नऊ पानापर्यंत पोचली होती,
तिनंच काय ते वाचलं.

तर माझाही निष्कर्ष तयार आहे,
नमुना एक, कालावधी अकरा वर्षं,
मार्गदर्शक कुणी नाही.
संध्याकाळी पद्मिणपुढं बिल ठेवलं.
बघितलं तिनं, चष्मा न लावता.
“तवाच म्हणलं होतं, दुकानात बघा.”

बिल पुन्हा एकशे बारावर ठेवून दिलं.
पुढच्या माणसाला काहीतरी
सापडलं पाहिजे की नाही?
जुनं रेक्झिन सोलताना मात्र हात थांबला.
अकरा वर्षं कपाटात, अंधारात, सावलीला होतं.
पाठ गेली, पण पुढच्या पुठ्ठ्यावरचं सोनं
उलिसंही उडालं नव्हतं.

मुंजाजीचं म्हणणं खरं आहे.